जावा ८ वरून २१ वर गेलो आणि मराठी नावांचे चौकोन झाले

खटपट्या: काकांच्या दुकानात उधारीच्या वहीचं एक स्विंगमधलं (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) ॲप आहे, मीच कॉलेजात असताना लिहिलेलं, इतकी वर्षं जावा ८ वर मुकाट चाललं. आता विंडोज ११ चा नवा पीसी आला म्हणून २१ टाकलं. आधी तर उघडेचना, जॅक्सबीचे, म्हणजे एक्सएमएल हाताळायच्या लायब्ररीचे, क्लास सापडत नाहीत म्हणे, ते ११ पासून जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ पॅकेजातून, काढलेत, मग त्या लायब्ररीची जार फाइल वेगळी टाकली. उघडलं, पण गिऱ्हाइकांची नावं म्हणजे नुसते चौकोन, मध्येच एखादं अक्षर बरोबर! डेटा साध्या टेक्स्ट फाइलीत आहे, फॉन्ट जुना, युनिकोडच्या आधीचा. फॉन्ट दोनदा टाकला, ढिम्म.

पाटी_पेन्सिल: ८ च ठेव ना, कशाला झोपलेलं मांजर उठवतोस 😄

जुना_जावावाला: खटपट्या, आधी सांग, सेव्ह दाबलंस का कुठे? नसेल तर दाबू नकोस, आधी फाइली कॉपी करून ठेव. फॉन्टचा दोष नाहीये. कोडमध्ये एन्कोडिंग, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर ते, सांगितलं नसेल तर जावा १७ पर्यंत फाइलरीडर, म्हणजे जावाचा फाइल वाचणारा क्लास, विंडोजचं एन्कोडिंग घ्यायचा, आपल्याकडे बहुतेक विंडोज-१२५२, आणि १८ पासून सरसकट यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचं एन्कोडिंग, झालं. त्या जुन्या फॉन्टांनी मराठी अक्षरं १२८ ते २५५ या कोडांवरही कोंबलेली असतात, ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचले की कशातच बसत नाहीत आणि जावा तिथे चौकोन ठेवून पुढे जातो, एररसुद्धा देत नाही! त्यावर सेव्ह केलंस की चौकोनच फाइलीत जातात, मूळ बाइट गेले ते गेले. सध्या ॲप सुरू करायच्या कमांडमध्ये वजा डी लावून फाइल डॉट एन्कोडिंग इक्वल टू कॉम्पॅट दे, कॉम्पॅट कॅपिटलमध्ये, म्हणजे जुन्यासारखं विंडोजचं एन्कोडिंग घेईल. नंतर फाइलरीडर आणि फाइलरायटर दोन्हीकडे विंडोज-१२५२ स्पष्ट लिही, ११ पासून एन्कोडिंग घेणारा कन्स्ट्रक्टर त्या क्लासांना आहे.

पाटी_पेन्सिल: अरे बापरे. मांजर मागे घेतो. आमच्या ऑफिसात पुढच्या महिन्यात हेच अपग्रेड आहे, आधीच कळायचा काही मार्ग?

जुना_जावावाला: ८ वरच फाइल डॉट एन्कोडिंग यूटीएफ-८ देऊन ॲप चालवून बघ, फाइलींची कॉपी घेऊन हां. जे तिथे बिघडेल ते २१ वर बिघडणारच.

खटपट्या: आली नावं!! पण एका फाइलीवर सेव्ह दाबलं होतं, ती जुन्या पीसीवरून परत आणली, दोन दिवसांची उधारी हाताने भरतोय, काका शेजारी बसून आकडे सांगतायत.