ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वडिलांकडूनही येतो, आत्यांकडे दुर्लक्ष करू नका

वर ज्या ताईंनी लिहिलंय की ब्रेस्ट कॅन्सर दोन्ही आत्यांना झाला, आईकडे कुणालाच नाही म्हणून मला जीन्सच्या टेस्टची गरज नाही, त्यांना कळकळीनं सांगते, असं धरून बसू नका. बीआरसीए १ आणि २ ही दोन जीन्स, त्यांच्यात दोष असला की ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरचा धोका खूप वाढतो, आणि हा दोष वडिलांकडूनही येतो, ते स्वतः ठणठणीत असले तरी, आणि मुलगा असो की मुलगी प्रत्येकाला तो मिळायची शक्यता ५० टक्के. इथे इंदूरला आमच्या जेनेटिक काउन्सेलरनी (घराण्यातल्या आजारांवर सल्ला देणाऱ्या) आमच्या घरच्या तीन पिढ्या कागदावर काढल्या, बायका गोल, पुरुष चौकोन, आजार झालेले काळे, तर बाबांचा कोरा चौकोन दोन काळ्या गोलांच्या मधोमध! ग्वाल्हेरची आजी पोटात पाणी होऊन गेली एवढंच घरात माहीत होतं, तो ओव्हरीचा कॅन्सर असू शकतो हे कुणाच्या मनातही नव्हतं. तर जुन्या माणसांना असं खोदून विचारा. आणि आत्या हयात असतील तर आधी त्यांची टेस्ट करा, त्यांच्यात दोष सापडला तरच तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टला खरा अर्थ. पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही हो, ब्रेस्टसाठी दरवर्षी एमआरआय करता येतो, ओव्हरीला मात्र भरवशाची तपासणी नाही म्हणून मुलंबाळं झाल्यावर ओव्हरी आणि ट्यूब (गर्भनलिका) काढायचा सल्ला देतात, बीआरसीए १ असेल तर साधारण ३५ ते ४० मधे. तुमच्या भावालाही सांगा, त्याला मुली आहेत ना.