फोटोवर बोलायचं तर आधी खेळावर बोला

मैदानकाठ (छत्रपती संभाजीनगर)

गेल्या आठवड्यात औसा तालुक्यातल्या एका पोरानं आपल्या या खेळाच्या फोटोंच्या गटावर शालेय खो-खोचा फोटो टाकला होता. मुलीनं खांबावर सूर मारलाय, डावा हात खांबाला, उजवा हात पळतीच्या, म्हणजे पुढं पळणाऱ्या मुलीच्या, पाठीपासून वीतभर लांब. खाली धूळ, मागं पुढाऱ्यांचा भलामोठा बॅनर. त्यावर सूचना आल्या त्या अशा: 'खांब मध्ये येतोय, क्रॉप कर', 'बॅनरनं फोटोची वाट लावली', 'ग्रेन फार आहे' (म्हणजे फोटो रवाळ दिसतोय). बाकीच्यांनी 'भारी', 'कडक', 'एक नंबर' लिहून काम उरकलं. दुसऱ्या दिवशी फोटो गायब. तेव्हापासून आपल्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नवख्या पोराला असं बोलायला नको होतं. दुसरा म्हणतो, सहन होत नसेल तर फोटो टाकू नये.

मला दोन्ही पटत नाही. टीका झाली यात वावगं काही नाही. ती खेळ न बघता झाली, हे वाईट झालं.

खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की खांबापलीकडच्या मोकळ्या जागेत पोचेपर्यंत तिला मागं वळता येत नाही. पळतीला हे बंधन नाही. म्हणून पळती खांबाजवळ ऐनवेळी गर्रकन वळते, आणि मागची मुलगी खांबाचा आधार घेऊन अंग झोकून देते. सगळा जीव त्या खांबाशी असतो. खांब काढला तर उरते नुसती पडणारी मुलगी. क्रॉप करायला सांगणाऱ्यानं अख्खा डावच कापायला सांगितला.

'भारी' लिहिणाऱ्यांनीही त्या पोराचं काही भलं केलं नाही. आठ गडी चौकांत बसलेले, नववी धावतेय, पळत्या त्यांच्यातून वळणं घेतायत. एवढ्या गडबडीत यानं मैदानाच्या कडेला मधोमध बसून लांबून टिपलं नाही, खांबाजवळची जागा धरली. ती त्याची निवड होती आणि ती अचूक होती. एकानंही ते ओळखलं नाही. मग पुढच्या वेळी तो तिथंच का बसेल?

माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्याच्या फोटोवर लिहिताना पहिलं वाक्य खेळाचं लिहा. त्या क्षणी मैदानात काय चाललं होतं, ते सांगा. ते सांगता येत नसेल तर सूचना करू नका.

नांदेडकर

ठाम विरोध. खेळ कळणं वेगळं, फोटो कळणं वेगळं. तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. बॅनरवरची बारीक अक्षरंसुद्धा लख्ख वाचता येतात आणि मुलीचे डोळे धूसर. म्हणजे फोकस बॅनरवर गेलाय. शटर १/२५० सेकंद, म्हणजे संथ, त्यामुळं पुढं केलेला हात फराटा झालाय. असल्या झेपेला १/१००० च्या खाली जाऊच नये. हे सांगायला मला खो-खोचे नियम कशाला यायला हवेत?

तुमचा नियम लावला तर तंत्र जाणणारा माणूस गप्प बसणार, आणि खेळ जाणणारे फोकसवर चकार शब्द काढत नाहीत. मग पोरानं शिकायचं कुणाकडून?

बर्मिंगहॅमला २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. केनियाचा धावपटू ८:११.१५, साबळे ८:११.२०. सेकंदाला २० फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्यात हा फरक बरोबर एका फ्रेमचा. खेळाडूचं पदक एवढ्यावर बदलतं. आपण मात्र फोकस चुकला तरी 'भावना बघा' म्हणून चालवून घ्यायचं?

लाल माती (बीड)

मी कुस्तीचे फोटो काढतो, जत्रेतल्या फडांचे. माझा मुद्दा खेळाचा पण नाही अन् फोकसचा पण नाही. वस्ताद पोराची चूक कुठं दाखवतो? तालमीत, पहाटे, पोरगं मातीत घामाघूम झालेलं असताना. जत्रेत हजार माणसांपुढं पोरगं चितपट झालं तर वस्ताद त्याला तिथंच झापत नाही. आधी उठवतो, पाठीची माती झाडतो, घरी नेतो. डाव कुठं फसला ते दुसऱ्या दिवशी.

तुम्ही जे केलंत ते जत्रेतलं. आधी विचारा, 'बाबा, सांगू का?' हो म्हणला तर त्याला एकट्याला लिहा. आमच्याकडची पोरं उसन्या कॅमेऱ्यावर फोटो काढायलेत, घरच्यांचे बोल खाऊन मैदानावर जायलेत. चार परक्या लोकांनी एकदम तुटून पडलं की ते पोरगं परत कॅमेरा हातात घेत नाही. असे दोघं मला माहीत आहेत.

मैदानकाठ

लाल माती, एकट्याला लिहिण्यातला धोका बघा. 'खांब क्रॉप कर' हा सल्ला त्याला खासगीत गेला असता, तर त्यानं मुकाट्यानं तो मानला असता. चूक कुणी दाखवलीच नसती. चारचौघांत लिहिलं गेलं म्हणून आज खांबावर एवढं बोलणं तरी झालं. आणि तालमीत वस्ताद एकाला सांगतो तेव्हा बाकीची पोरं कान देऊन ऐकतच असतात.

नांदेडकर, फोकस चुकला हे मान्य. पण ग्रेनचं काय? त्याच्याकडं कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम आहे, लांब टोकाला f/5.6 (हा आकडा मोठा तितका उजेड कमी). तुमची f/2.8 ची लेन्स तिच्या चौपट प्रकाश आत घेते. तुम्हाला जिथं आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० पुरतो तिथं त्याला १२८०० लागतो, आणि आयएसओ वाढला की ग्रेन वाढतो. संध्याकाळच्या उजेडात १/१००० पण हवं आणि ग्रेन पण नको, हे त्या लेन्सवर होणार नाही. 'ग्रेन फार आहे' हा त्या पोराचा दोष नव्हे, त्याच्या खिशाचा आहे.

रात्रीच्या कबड्डीच्या फोटोंवरही हेच चाललेलं असतं. लागोपाठच्या दोन फ्रेम, एक पिवळी-काळपट, दुसरी ठीक. लगेच कुणीतरी लिहितं, 'व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) शिकून घे.' आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मैदानावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१००० ला शटर उघडलं तर दिव्याचा कोणता क्षण हाती लागेल ते सांगता येत नाही. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिव्याच्या लुकलुकण्याशी शटर जुळवणारी सोय) असेल तर ते चालू करायचं, नसेल तर जास्त फ्रेम काढून त्यातल्या निवडायच्या. व्हाइट बॅलन्स बदलून काही होत नाही. पोरगं बिचारं महिनाभर ते बटण फिरवत बसतं.

खांबपळती (धाराशिव)

मी शाळेपासून खो-खो खेळलेय, म्हणून बोलते. तुम्ही सगळे झेप मारणारीकडंच बघताय. मैदानकाठ, तुम्हीसुद्धा.

त्या फोटोत पळती बघितली का कुणी? तिनं कंबर पुढं ढकलून पाठ धनुष्यासारखी आत ओढलीय, म्हणून तो हात वीतभर लांब राहिलाय. नाहीतर ती कधीच बाद झाली असती. ही गोष्ट शिकायला वर्षं जातात. मागं न बघता, पावलांच्या आवाजावरून, खांबापाशी नेमकी कधी पाठ ओढायची हे अंगात मुरावं लागतं. मला विचाराल तर तो फोटो पळतीचा आहे. आणि तिचं डोकं फ्रेमच्या कडेला अर्धं कापलं गेलंय! हे कुणीच लिहिलं नाही. माझी टीका हीच असती: थोडी रुंद फ्रेम ठेव, दोघी पूर्ण येऊ देत.

तरी तुमचा नियम मला मान्य नाही. खेळ कळत नाही त्यानं गप्प बसायचं, तर आमच्या खेळाचे फोटो बघणार कोण? आमच्या धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी बाजी मारली. तरी लोकांना क्रिकेटपलीकडचं फारसं ठाऊक नसतं. ज्याला काही माहीत नाही, त्यालाही फोटो बघून खेळ कळला पाहिजे. त्याला खांब अडचण वाटला, तर फोटोत खांबाचं काम नीट दिसलं नाही असाही त्याचा अर्थ होतो. न कळणाऱ्याची टीका ऐकून घ्या. तिच्यावरून काय करायचं, ते मात्र कळणाऱ्यानं ठरवावं.

परभणी

दैनिकाला फोटो देतो. आमच्याकडं टीका एकाच प्रकारची: फोटो छापला किंवा नाही छापला. कारण कुणी सांगत नाही. छातीवरचा नंबर दिसतो का, म्हणजे फोटोखालच्या ओळीत नाव देता येईल. चेहरा दिसतो का. दोन कॉलमांत बसतो का. बास. इथं कुणीतरी चार ओळी लिहितंय यालाच मी मोठी गोष्ट मानतो. लाल माती यांच्याशी सहमत नाही, 'सांगू का' विचारत बसलं तर कुणीच काही सांगणार नाही.

नांदेडकर

खांबपळती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पळतीचं डोकं कापलेलं मला दिसलं होतं, पण ती एवढी महत्त्वाची आहे हे ध्यानात आलं नव्हतं.

यावरून फोकसचं एक सुचतंय. झेप खांबापाशीच येणार हे खेळानंच ठरवून दिलंय, तर खांबावर आधीच फोकस धरून ठेवायचा. धावत्या मुलीमागं कॅमेरा फिरवला की साधं ऑटोफोकस मधल्या बसलेल्या गड्यांवर किंवा बॅनरवर उडी मारतं. या पोराचं तेच झालं असणार. आणि मैदानाला खांब दोन असतात. बॅनर ज्या टोकाला आहे, त्या टोकाकडं तोंड करून बसायचं नाही. पलीकडच्या खांबाशी गेलं की मागं झाडं किंवा शाळेची भिंत मिळते. f/5.6 वर बॅनर पुसट होणार नाही, त्यामुळं जागा बदलणं हाच उपाय. फुकटचा आहे.

तरी माझी अट मागं घेत नाही. फोकस चुकला असेल तर तो चुकला म्हणून सांगायचंच, सांगणाऱ्याला खो-खो येवो न येवो.

लाल माती (बीड)

हे सगळं छान लिहिलंत. मी आज त्या पोराला फोन लावला होता. त्यानं फोटो टीकेमुळं काढलाच नाही. मुलीच्या घरून निरोप आला, 'फोटो काढून टाका', म्हणून काढला. टीका त्याला लागली होती, हे पण म्हणला. 'खांब क्रॉप करून बघितला, बरा दिसंना' असं म्हणत होता. माझं मत तेच आहे, आधी विचारा.

क्रीडाशिक्षिका (उदगीर)

मग आता मला बोलू द्या. फोकस, खांब, बॅनर, ग्रेन, सगळ्यावर लिहून झालं. ती शाळकरी मुलगी आहे, झेप घेताना तिचा टी-शर्ट वर सरकलाय, छातीवर शाळेचं नाव आहे, आणि तो फोटो शेकडो अनोळखी लोकांसमोर होता. यावर तुमच्यापैकी एकानंही लिहिलं नाही. तुम्ही म्हणता पहिलं वाक्य खेळाचं हवं. मी म्हणते, पहिलं वाक्य हे हवं: तिला किंवा तिच्या घरच्यांना विचारलं होतं का?

माझ्या संघातल्या एका मुलीचा कबड्डीतला फोटो कुणीतरी कापून, जवळून दिसेल असा करून फिरवला होता. पकडीत सापडलेली, पाय ओढलेले. पुढच्या हंगामात ती आली नाही. मला त्या फोटोचं शटर किती होतं याच्याशी काही देणंघेणं नाही.

मैदानकाठ

मॅडम, हे पहिलं, खेळ दुसरा, तंत्र तिसरं. या क्रमावर माझं भांडण नाही. आजपासून कुठल्याही फोटोखाली मी आधी परवानगीचंच विचारीन, सगळ्यांसमोर विचारीन. टी-शर्ट सरकलेली फ्रेम निवडायची की तिच्या शेजारची, ही निवडसुद्धा छायाचित्रकाराचीच असते, आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. खेळ कळणाऱ्याला शेजारची फ्रेम चटकन सापडते, एवढं मात्र मी म्हणत राहणार.

खांबपळती (धाराशिव)

मॅडमच्या त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याबरोबरच्याही काही जणी अशाच गेल्या. विचारलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण विचारायचं म्हणजे काय, तेही ठरवा. आमच्याकडं घरी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'नको'. मुलीला कुणी विचारत नाही. मी जिल्ह्याकडून खेळले, राज्य स्पर्धेला गेले, आणि घरात माझा खेळतानाचा एकही धड फोटो नाही. जो आहे तो चषक हातात घेऊन रांगेत उभं राहिल्याचा. मुलांच्या संघाचे मात्र झेपांचे फोटो क्रीडासंकुलात लागलेत. म्हणून मुलींचे फोटो काढूच नका या बाजूला हे नेऊ नका, मॅडम. स्पर्धेच्या सकाळी तुम्ही शिक्षिका म्हणून मुलींना आणि पालकांना एकत्र बसवून विचारलंत, तर निम्म्या घरांतून तरी होकार येईल.

लाल माती दादा, तुमच्याकडं त्या पोराचा नंबर आहे, तर एक करा. त्याला म्हणावं, पुढच्या फ्रेम असतील तर इथं टाकू नको, त्या दोन मुलींना त्यांच्या शिक्षकांमार्फत पोचव. एकीला झेप बघायची असेल, दुसरीला पाठ.