उपकारस्तुतीची घरगुती सभा: मराठी-कानडी नातेवाईक एकत्र, तास एकच. कशी बसवावी?

खासबागकर
सर्वांना सलाम. वडील बायपासनंतर हिंडू-फिरू लागलेत, म्हणून घरी उपकारस्तुतीची सभा (देवाचे आभार मानायची ख्रिस्ती प्रार्थनासभा) ठेवतोय. शनिवारी संध्याकाळी, साधारण 40 माणसे. गडहिंग्लज-चंदगडकडचे नातेवाईक मराठी, आईच्या माहेरचे बैलहोंगलकडचे कानडी. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) पुढे दुसरी सभा आहे, त्यामुळे तासच मिळेल. शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) कोणता घ्यावा, दोन भाषा कशा सांभाळाव्यात आणि साक्षी (देवाने काय केले हे सांगणारी मनोगते) लांबू नयेत म्हणून काय करावे? आणखी एक अवघड गोष्ट. आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ याच आजाराने गेले. त्यांच्या घरचेही येणार आहेत. त्यांच्यासमोर ‘देवाने आम्हाला वाचवले’ कसे म्हणायचे?

देसूरवाला
स्तोत्र 136 घ्या. 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा उत्तरार्ध तोच, देवाची दया सनातन आहे. एकाने पूर्वार्ध वाचायचा, सगळ्यांनी उत्तरार्ध म्हणायचा. संथ वाचले तरी पाच मिनिटांत होते आणि ज्याला वाचता येत नाही तोही तिसऱ्या ओवीपासून बरोबर येतो.

दोन भाषांत अख्खे स्तोत्र दोनदा वाचू नका, माणसे कंटाळतात. 1 ते 9 (सृष्टी) मराठीत, 10 ते 22 (मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, अरण्य, सीहोन आणि ओग राजे) कानडीत, 23 ते 26 पुन्हा मराठीत. वाचणाऱ्याची भाषा तीच उत्तराची भाषा, हे आधीच सांगा. नाहीतर निम्मे मराठीत आणि निम्मे कानडीत एकदम बोलतात, आणि दोन्ही ओळींची लांबी सारखी नसल्याने नुसता गलका होतो. कानडी उत्तर देवनागरीत छापा, गडहिंग्लजकडच्यांना ती लिपी येणार नाही. सुरुवातीला दोन्ही उत्तरे तीन-तीनदा म्हणवून घ्या. वाचकाने ओवीच्या शेवटी आवाज खाली आणून थांबायचे. घाईने पुढे गेला की लोक त्याच्यावरच बोलू लागतात.

मग त्याच चालीवर घरच्या सहा-सात ओळी जोडा. प्रत्येक ओळ एका श्वासातली, घडलेली गोष्ट तेवढीच:

‘मध्यरात्री गाडी काढून शेजारी दारात उभे राहिले’ – त्याची दया सनातन आहे.
‘रक्त द्यायला चौघे आले’ – त्याची दया सनातन आहे.
‘आम्हाला प्रार्थना सुचत नव्हती, तेव्हा मंडळीने केली’ – त्याची दया सनातन आहे.

तिसरीसारखी एखादी ओळ हवीच. स्तोत्रातही 16 व्या ओवीत अरण्य आहे आणि 23 व्या ओवीत दैन्यावस्था आहे. नुसती गोड यादी केली तर ती बिलाच्या पावतीसारखी वाटते. बिलाची रक्कम आणि डॉक्टरांची थोरवी तर त्यात नकोच. या ओळी झाल्या की घरची साक्ष झालीच समजा, वेगळी एखादीच ठेवा, तीन मिनिटांची, लिहून आणलेली.

पेटीमास्तर
गाणी तीनच. सुरुवातीला एक, शास्त्रपाठानंतर एक आणि अर्पणाच्या (दान गोळा करायच्या) वेळी एक. ‘सर्वांना येतात’ ती घ्या, ‘मला आवडतात’ ती नव्हे. कानडी एक असूच द्या, ते मधले ठेवा.

पट्टी (गाण्याचा मूळ सूर) ठरवताना ध्रुवपद बघू नका, अंतऱ्याचा सर्वांत वरचा सूर बघा. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो: ध्रुवपद सुखात जाते, अंतऱ्याला बायका ओढतात, पुरुष गप्प होतात आणि पेटीवालाच उरतो. चाल तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जात असेल तर पेटीची काळी दोन सोडून पांढरी एक किंवा त्याखाली या. आदल्या दिवशी घरातल्या एका आजीला आणि एका आजोबांना गायला लावा, दोघांना जमले की पट्टी पक्की. तबल्याला भजनी किंवा केरवा पुरे. छोट्या खोलीत माइक लावू नका की ओ, टाळ एकच जोडी. कडवी तीनपेक्षा जास्त नकोत.

कॅम्पातली
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे आभाराची मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगतात आणि मग घरी छोटी प्रार्थना. तुम्हाला उपयोगी पडेल ते एकच: मरियेचे गीत, लूक 1:46-55. 50 व्या ओवीत पिढ्यान्‌पिढ्या चालणारी दया आहे आणि 54 व्या ओवीत देवाने ती आठवून आपल्या लोकांना साहाय्य केले, असे आहे. दहा ओव्याच. नातीने वाचले तर छान.

चंदगडी
शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, त्यावर थोडे सविस्तर.

‘आमचा विश्वास मोठा होता म्हणून बाबा वाचले’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. त्याचा सरळ अर्थ शेजारच्यांचा विश्वास लहान होता असा होतो. शास्त्राला तो मान्य नाही. दानीएल 3:17-18 मध्ये भट्टीत टाकायची धमकी मिळालेले तिघे यहूदी राजाला सांगतात की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवले तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. दुसरा अर्धा भाग विसरला की स्तुती निकालावर टांगली जाते.

विलापगीत 3 मधल्या 22-23 या ओव्या सगळ्यांना पाठ असतात: दया रोज सकाळी नवी, देवाची सत्यता मोठी. पण त्या यरुशलेम पडल्यानंतरच्या आहेत. ते शहर इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने जाळले. 19 व्या ओवीपासून वाचा, म्हणजे आधी कडू दवणा आणि विष येते, मग आशा. 26 ला थांबा. आठच ओव्या आहेत, पण शोकात असलेल्या माणसाला त्यात बसायला जागा मिळते. पाळकांना हा भाग आधी कळवा, दहा मिनिटांचा संदेश त्यावरच होऊ द्या.

प्रार्थनेचेही बघा. ‘उपकार मानतो’ म्हणून सुरू होते आणि मिनिटभरात मागण्यांची रांग लागते. उपाय सोपा आहे: स्तोत्र 103 मधली एकेक ओवी पाच जणांना आधी वाटून द्या. 3 (क्षमा, आरोग्य), 8 (मंदक्रोध), 13 (बापाची माया), 14 (आपण माती आहोत, हे तो जाणतो) आणि 17 (दया अनादि-अनंत). प्रत्येकाने फक्त आपल्या ओवीवर, दीड मिनिट. 14 वी ओवी समंजस माणसाला द्या, त्यातच शेजारच्या घराचे नाव घेऊन सांत्वनाची प्रार्थना होऊ शकते. पण नाव घेऊ का, हे त्यांना आधी घरी जाऊन विचारा. आणि त्यांना साक्ष द्यायला लावू नका.

खासबागकर
मनापासून आभार. जेवण ठेवावे की नुसता चहा? अर्पणाचे काय करायचे?

देसूरवाला
जेवणच ठेवा. लेवीय 7:15 प्रमाणे आभाराच्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवायचे असे, सकाळपर्यंत उरवायचे नाही. एका घराला ते संपणे कठीण, माणसे बोलवावीच लागत असणार. 40 जणांच्या पुलावाला तांदूळ 4 किलो, कुंदा (दुधाची मिठाई) 2 किलो म्हणजे माणशी 50 ग्रॅम. अर्पण घरात ठेवू नका. अनुवाद 26:11 मध्ये पहिल्या पिकाच्या आनंदात लेवी (मंदिराचे सेवक) आणि उपरी (परका) दोघांनाही धरले आहे, त्या हिशेबाने निम्मे मंडळीला (चर्चला) आणि निम्मे एखाद्या आजारी माणसाच्या औषधाला. कोणाला, ते जाहीर करायचे नाही.

चंदगडी
एक राहिले. छातीचे हाड भरून यायला 6 ते 12 आठवडे लागतात. वडिलांना हाताची खुर्ची द्या, भिंतीला टेकून. हात धरून ओढत उठवणे, गळाभेट, प्रार्थनेत खांद्यांवर पाच-सहा जणांनी हात टेकवणे, यातले काही नको. पाळकांनी एकट्यानेच डोक्यावर हात ठेवावा, असे दारातच सर्वांना सांगा.