कडुलिंबाचा काढा आणि रोहूच्या उवा

पालापाचोळा: शहापूरकडच्या शेततळ्यात कडुलिंबाचा पाला उकळून ओतला, चार दिवसांत रोहूवरच्या उवा गायब! कंपन्यांची औषधं हवीत कशाला?

घोडबंदरी: आता लिहावंच लागतंय. अझाडिरॅक्टिन, म्हणजे कडुलिंबातलं कीड मारणारं द्रव्य, असतं निंबोळीच्या बीत, पाल्यात नावापुरतं. तेही उकळून घालवलंत. उरलंसुरलं कडक उन्हात आणि हिरव्या तळ्याच्या ८.५-९ सामूत (pH) टिकत नाही. शिवाय आर्ग्युलसची, म्हणजे या माशांच्या उवेची, मादी अंडी घालायला मासा सोडतेच. नेमकं तेव्हा जाळं टाकलं की उवा 'गायब'. शेजारच्या, काढा न टाकलेल्या तळ्यातले वीस मासे तपासलेत?

पालापाचोळा: म्हणजे शेतकऱ्यानं प्रयोगशाळा थाटायची?

घोडबंदरी: काचेच्या बशा पुरतात. प्रत्येक मात्रेला तीन बशा, बशीत दहा जिवंत उवा, २४ तास. जोडीला नुसत्या पाण्याच्या तीन. निंबोळी तेल असेल तर नुसत्या इमल्सिफायरच्याही (तेल पाण्यात मिसळवणाऱ्या द्रव्याच्या) तीन, कारण कधी उवा तोच मारतो आणि नाव निंबोळीचं होतं. मग बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर, ९६ तास. मासा मारणारी मात्रा ऊ मारणारीच्या कितीतरी पट वर नसेल, तर ते तळ्यात नको.

ऐरोलीचा खेकडा: आणि डेल्टामेथ्रिनसारखं कंपनीचं कीटकनाशक ओतता तेव्हा? प्राणीप्लवंग (पाण्यातले सूक्ष्म जीव) साफ! त्यापेक्षा झाडाचं बरं.

घोडबंदरी: डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड, आणि पायरेथ्रॉइडचा मूळ साचा फुलातलाच आहे, खेकडेराव. आणि मीटरभर पाण्याला हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड कशाला टाकतात? नको ते मासे मारायला. तीही झाडाचीच.

मुरबाडी: मात्रेवर भांडताय, तळं मोजलं कुणी? ३० × ३० × ३ म्हटलं की सगळे २,७०० घनमीटर धरतात. एकास एक उतार असेल तर तळ २४ × २४ आणि पाणी २,१९६. औषध २३ टक्के जास्त पडलं!

ऐरोलीचा खेकडा: तेही काठोकाठ भरलं तर. मे महिन्यात? खुणांचा बांबू रोवा आणि पातळी वाचा.

मुरबाडी: तेच सांगतोय, ओरडू नका. गाळ तर अजून वजा केलाच नाही.

ऐरोलीचा खेकडा: गाळ औषध शोषतो म्हणून मात्रा वाढवा म्हणणारेही तुम्हीच!

मुरबाडी: मी? कुठे? दाखवा.

घोडबंदरी: भांडा खुशाल, अंडी तशीच राहतील. अंड्यांवर यातलं काहीच भरवशाचं नाही. बांबूच्या चटया सोडा, मादी त्यांवर अंडी चिकटवते. दर आठवड्याला काढून उन्हात कडकडीत वाळवा.

पालापाचोळा: बरं, शेजारचं तळं तपासतो. पण बांबूही झाडाचाच, लिहून ठेवा.