‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आपल्या पिढीनंतरही उरेल का?

कृष्णाकाठ

गेल्या आठवड्यात माळ्यावरचे सामान उतरवताना सव्वापाच इंची फ्लॉपींचा एक डबा सापडला. त्यातल्या एका फ्लॉपीवर माझ्याच शाळकरी अक्षरात ‘प्रिन्स’ असे लिहिलेले आहे, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा खेळ. नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या ज्या संगणक वर्गाला मी जात असे, तिथे शनिवारी शेवटची पंधरा मिनिटे खेळासाठी मिळत. पडदे एकरंगी होते, त्यामुळे जीव भरून देणारी तांबडी कुपी आणि जीव कमी करणारी निळी कुपी आम्हाला अगदी सारखी दिसे. कोणत्या खोलीतली प्यायची आणि कोणती टाळायची, हे आम्ही एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते आणि ती वही वर्गभर हातोहात फिरत असे. पहिली पातळी संपली की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची एक खोली यायची आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधून तीच कुपी प्या, असे सांगितले जायचे. ती पुस्तिका आमच्यापैकी कोणीही कधी पाहिली नव्हती. आम्ही अंदाजाने पीत असू आणि बहुतेक वेळा आमचा राजपुत्र तिथेच संपत असे.

माझ्या मनातला प्रश्न असा आहे की, १९८९ सालचा हा खेळ खरोखर अभिजात म्हणून टिकेल, की आमची वये आणि त्या वर्गाच्या आठवणी संपल्या की तोही संपेल? मला तो फार प्रिय आहे, म्हणूनच माझ्या स्वतःच्या मतावर माझा विश्वास बसत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

अर्धविराम

आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझे उत्तर ‘टिकेल’ असे आहे आणि त्याचा आधार मी आठवणींवर ठेवत नाही.

जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ ॲपल टू या संगणकासाठी चार वर्षे खपून एकट्याने लिहिला. राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावावा म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, धावायला, उड्या मारायला आणि लोंबकळायला लावून त्याचे चित्रण केले, त्या चित्रफितीतील एकेका क्षणाची छायाचित्रे काढली आणि त्यांवरून बाह्यरेषा गिरवून त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीसाठी १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत त्यांच्या वडिलांनी दिले. त्यामुळे त्या देहाला वजन आले. धावताना तो एकदम थांबू शकत नाही, दोन पावले घसरतो. कड्याला हात टेकला की वर चढायला त्याला वेळ लागतो. खालच्या टोकदार सळ्यांची भीती वाटते ती यामुळेच, कारण पडणारा जीव आपल्याला खरा वाटतो.

या हालचालींनी यंत्राची जवळजवळ सगळी स्मृती खाऊन टाकली आणि शत्रूची वेगळी चित्रे ठेवायला जागाच उरली नाही. खेळात झुंज हवी, असा आग्रह त्यांची सहकारी टोमी पिअर्स धरत होती. तेव्हा मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे एका बिटने, म्हणजे एका ठिपक्याइतकी, सरकवून मूळ चित्राशी तुलना केली आणि जिथे फरक पडतो तेवढेच ठिपके ठेवले. अशी एक झिरझिरीत छायाकृती तयार झाली, तिला वेगळी जागा लागली नाही. पहारेकरी पुढे जागा मोकळी केल्यावर आले.

आता ही छाया गोष्टीत कशी गुंफली आहे ते पाहा. चौथ्या पातळीत वाट अडवणाऱ्या आरशातून धावत उडी मारावी लागते, तेव्हा ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि आपल्यापाशी एकच जीव उरतो. पाचव्या पातळीत ती आपल्या देखत कुपी पिऊन टाकते, सहाव्यात दार बंद करून आपल्याला खाली पाडते. शेवटी ती तलवार घेऊन समोर येते, आणि तिला केलेली प्रत्येक जखम आपल्यालाच होते. तिथे तलवार म्यान करावी लागते. म्यान केल्यावर दोघे एकमेकांत मिसळतात आणि पुढे जिथे पोकळी दिसत होती तिथे पायाखाली फरशी उमटते. हे सगळे एकही शब्द न उच्चारता घडते. काही किलोबाइटच्या टंचाईतून जन्मलेली ही कल्पना मला कोणत्याही कलेच्या अभिजात कृतीशेजारी निःसंकोच ठेवता येईल.

दुपारची गाडी

अर्धविराम यांच्या प्रतिसादातील प्रत्येक तपशील मान्य करूनही मला निष्कर्ष मान्य करता येत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने हा खेळ वीस मिनिटे खेळून सोडून दिला. त्याला तो वाईट वाटला नाही, परंतु एका चुकीसाठी पातळीच्या आरंभापासून पुन्हा चालत यावे लागणे आणि वर साठ मिनिटांचे घड्याळ सतत पुढे सरकत राहणे, हे त्याला अन्यायाचे वाटले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव त्याला माहीत आहे ते २००३ नंतरच्या त्रिमितीय खेळांमुळे आणि २०२४ सालच्या ‘द लॉस्ट क्राउन’मुळे. नाव टिकणे आणि कृती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ खेळ लोकांच्या प्रत्यक्ष खेळण्यात राहिला नाही तर तो इतिहासात राहील, पण इतिहासातली नोंद म्हणजे जिवंतपणा असे मी म्हणणार नाही.

बोरूबहाद्दर

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे मला हा प्रश्न आधी जतनाचा वाटतो. कृष्णाकाठ यांच्या डब्यातील फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन इतक्या वर्षांनी कितपत शाबूत असेल, याची मला काळजी वाटते. ती एखाद्या जाणकाराकडून लवकर वाचून घ्यावी. मेकनर यांच्या स्वतःच्या बाबतीतही हेच झाले होते. ॲपल टूसाठी लिहिलेली मूळ संहिता, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आज्ञांचा मजकूर, हरवली, असे ते बरीच वर्षे धरून चालले होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या, जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या काळजीपूर्वक वाचल्या आणि संहिता सर्वांसाठी खुली झाली. दुसरीकडे चाहत्यांनी डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरील आवृत्ती उलगडून तिचे आजच्या संगणकांवर चालणारे मुक्त रूप तयार केले आहे, त्यात स्वतःच्या पातळ्याही रचता येतात. ज्या खेळाची संहिता वाचता येते, त्याचा अभ्यास होऊ शकतो. आणि अभ्यास करणारे आहेत तोवर नवे खेळाडूही कुठून ना कुठून येतातच, हा माझ्या कामातला अनुभव आहे.

दुपारची गाडी यांना एवढेच सुचवेन की, तुमच्या मुलाच्या हाती असलेल्या खेळांतही हा खेळ आहेच. कड्याला लोंबकळून वर चढणारा नायक ‘टॉम्ब रेडर’मध्ये आला तो याच वाटेने, आणि ‘ॲसॅसिन्स क्रीड’ची सुरुवात तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चाच पुढचा भाग म्हणून झाली होती.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फ्लॉपी वाचून देणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणे झाले आहे. बोरूबहाद्दर यांनी सांगितलेली आवृत्ती काल संगणकावर चढवली आणि दहावीतल्या पुतणीला काहीही न सांगता समोर बसवले. दुपारची गाडी यांचा मुद्दा मनात होता, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिलो. पहिल्या पातळीत ती तलवार न शोधताच पहारेकऱ्यापुढे गेली आणि मेली, तीनदा मेली. चौथ्यांदा मात्र तिने पायाखालची फरशी थरथरताना पाहिली, ती पडेपर्यंत थांबली, आणि मग शिफ्ट दाबून सळ्यांमधून एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. ही युक्ती आम्हाला कळायला तीन शनिवार लागले होते. जेवायला हाक मारली तेव्हा ती दुसऱ्या पातळीत होती आणि तिने संगणक बंद करू दिला नाही. आरशाची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.