जुन्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड: फ्लाइट सिमसाठी कामाचा खर्च की वाया?

उड्डाणवेडा

फ्लाइट सिमवाल्यांत जुन्या संगणकाचा विषय निघाला की एकच सल्ला ऐकू येतो: कार्डावर पैसे घालू नका, थांबा आणि सगळं एकदम नवीन घ्या. मला तो पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं यंत्र असं आहे. इंटेल आय७-४७९० (२०१४ चा, ४ कोर), १६ जीबी डीडीआर३ रॅम, एसएसडी, १०८०पी मॉनिटर, ४५० वॉटचा पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा) आणि २ जीबीचं जीटीएक्स ९६० कार्ड. त्यावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० चालवतो. बहुतेक वेळ सेसना १७२, अधूनमधून ए३२०.

माझं म्हणणं सरळ आहे. या सिमच्या किमान अपेक्षांत प्रोसेसर म्हणून आय५-४४६० दिला होता, म्हणजे माझ्याच पिढीतला आणि माझ्यापेक्षा हळू. कार्डाच्या मेमरीच्या, म्हणजे व्हीरॅमच्या बाबतीत मात्र किमान २ जीबी, शिफारस ४ जीबी आणि आदर्श ८ जीबी अशी चढण होती. माझं यंत्र कार्डाच्या बाजूने अगदी तळाला आहे, प्रोसेसरच्या बाजूने नाही. व्हीरॅम भरली की टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रं) साध्या रॅममध्ये जाऊन बसतात, तिथून पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गावरून, ये-जा सुरू होते आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं की चित्र अडकतं.

दुसरं म्हणजे, जुन्या यंत्रातली पुढच्या यंत्रात जशीच्या तशी नेता येईल अशी मोठी वस्तू कार्डच. डीडीआर३ रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर तिथेच राहतात. मग आज १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घेऊन लगेच चांगलं उडवावं आणि बाकीचं सवडीने बदलावं, यात चूक काय?

---

मेनथ्रेड

पूर्ण असहमत.

किमान अपेक्षांची यादी फक्त सिम सुरू होतं एवढं सांगते. ते उडवण्यासारखं चालेल की नाही, हे त्यात कुठेच नाही. फ्लाइट सिम हा नेमबाजीच्या खेळांसारखा प्रकार नाही. विमानाची गणितं, कॉकपिटातल्या स्क्रीन, हवाई वाहतूक, आजूबाजूच्या इमारती कुठपर्यंत उभ्या करायच्या याचा हिशोब, यातलं बरंचसं काम एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कामाच्या रांगेत, येऊन साचतं. कार्ड कितीही दमदार आणा, प्रोसेसरने फ्रेम (पडद्यावरचं एकेक चित्र) तयार करून दिल्याशिवाय ते काही रंगवू शकत नाही.

तुमच्या सेसनातून शेताडीवर उडताना फरक दिसेल, हे मान्य. पण पीएमडीजी या कंपनीचं वेगळं मिळणारं, बारकाव्यांचं ७३७ घेऊन न्यूयॉर्कला उतरायला जा. फोटोग्रामेट्रीच्या (खऱ्या फोटोंवरून उभ्या केलेल्या) इमारती, शिवाय वाहतूक, शिवाय जड विमान. तिथे जीटीएक्स ९६० असो वा आरटीएक्स ४०८०, आय७-४७९० वर आकडा जवळपास तोच राहणार. आणि फ्रेमची खरी गरज नेमकी तिथेच असते. धावपट्टी समोर येते, तुम्ही नाक उचलायला लागता, त्याच क्षणी चित्र अर्धा सेकंद थांबतं. पुन्हा हलतं तेव्हा चाकं आपटलेली असतात.

कार्ड पुढच्या यंत्रात नेता येतं, हे खरं. पण पुढचं यंत्र यायला दोन-तीन वर्षं लागली, तर तेव्हा त्याच पैशात याहून चांगलं कार्ड मिळेल. आज अर्धवट वापरायचं कार्ड आज घ्यायचं कशाला?

---

कॉकपिटातली

दोघांचे मुद्दे ऐकले, पण दोघंही अंदाजावर बोलताय. हे मोजता येतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

सिमच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या पट्टीतून एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, त्याचा) आकडा दाखवायला सांगा. त्या चौकटीत 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' (अडथळा प्रोसेसरच्या मुख्य थ्रेडचा) किंवा 'लिमिटेड बाय जीपीयू' (अडथळा कार्डाचा) असं स्पष्ट लिहून येतं. खाली दोघांचे मिलिसेकंदही दिसतात. ३० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांची मुभा. दोन्ही आकडे त्याच्या आत बसले पाहिजेत, आणि जो मोठा तो तुमचा वेग ठरवतो.

ती चौकट समजायला किचकट वाटली तर आणखी सोपी परीक्षा आहे. तेच विमान, तोच विमानतळ, तेच हवामान ठेवा आणि रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईने रंगवायचं ते) १०० वरून ५० वर आणा. चित्र धूसर होईल, तिकडे लक्ष देऊ नका. फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा कार्डाचा. तिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरचा, आणि नवं कार्ड त्या जागी काही करणार नाही.

धागाकर्ते, हे एका रिकाम्या धावपट्टीवर आणि एका मोठ्या विमानतळावर, असं दोन्हीकडे करून आकडे इथे टाका. मग भांडू.

---

वॉटमीटर

कार्ड कुठलंही घ्या, पण आधी पीएसयूकडे बघा. जुन्या संगणकाच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी मागे पडतो आणि मला त्याची काळजी वाटते.

बोर्डावरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. ६ पिनी वायर आणखी ७५, ८ पिनी १५०. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात आणि एनव्हिडिया ५५० वॉटचा पीएसयू सुचवते. तुमच्याकडे ४५० आहे, तोही यंत्राइतकाच जुना असेल तर आतले कपॅसिटर थकलेले असणार. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट पुरतात आणि एएमडीची शिफारस ४५० वॉटची आहे. तुमच्या यंत्राला तेच जास्त शोभतं.

दुकानात मोलेक्स (जुन्या हार्ड डिस्कच्या ४ पिनी) वायरींवरून ८ पिनी प्लग बनवणारे अडॅप्टर मिळतात. ते लावू नका. सिममध्ये कार्ड तासन्‌तास पूर्ण भारावर चालतं, मोलेक्सच्या पिना त्यासाठी बनवलेल्या नाहीत. तो प्लग गरम होऊन पिवळा पडलेला मी उघडून पाहिला आहे.

ज्यांच्याकडे कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा पीएसयू बऱ्याचदा वेगळ्याच प्लगचा असतो, बदलायचा म्हटलं तरी साधा बसत नाही. अशांनी वेगळी वायर न लागणारं कार्ड बघावं, म्हणजे ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी किंवा ७५ वॉटचं जीटीएक्स १६५०. मात्र १६५० घेताना डब्यावर वायर लागत नसल्याची खात्री करा, काही मॉडेलना ६ पिन असते.

आणि कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मोजा. हार्ड डिस्कचा पिंजरा आड येतो.

---

जुनंतेसोनं

एक शंका. मी अजून एफएसएक्सच (मायक्रोसॉफ्टचं जुनं फ्लाइट सिम्युलेटर एक्स) उडवतो. मला नव्या कार्डाचा काही फायदा?

---

मेनथ्रेड

@जुनंतेसोनं: जवळपास नाही. एफएसएक्स २००६ चं, ३२ बिटी. मेमरीची हद्द ४ जीबी, आणि कामाचा मुख्य भार एका कोरवर. तिथे प्रोसेसरचा वेग हेच सर्वस्व. ढगांची दाटी असेल तर कार्डाने थोडा दिलासा मिळेल, बाकी पैसे ठेवा.

---

एक्सप्लेनकर

मेनथ्रेड यांचं म्हणणं एका सिमपुरतं बरोबर असेल, पण 'फ्लाइट सिम' म्हणून सरसकट निकाल लावू नका.

एक्स-प्लेन हे दुसरं सिम घ्या. एक्स-प्लेन ११ च्या ११.५० आवृत्तीत २०२० साली व्हल्कन, म्हणजे कार्डाशी बोलण्याची नवी पद्धत, आली. त्याआधी ओपनजीएल या जुन्या पद्धतीत प्रोसेसरवर पडणारं बरंच ओझं त्यामुळे हललं, आणि जुन्या चार कोरच्या यंत्रांतही कार्डाला काम मिळू लागलं. एक्स-प्लेन १२ मध्ये तर ढग आणि पाणी कार्डाचा अक्षरशः घाम काढतात. तिथे व्हीरॅम मोठी असेल तर सरळ फरक दिसतो.

शिवाय मॉनिटर. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, ४के म्हणजे ८२.९ लाख. चौपट. प्रोसेसरला त्याचं काही देणंघेणं नाही, तो सगळा भार कार्डावर. व्हीआर चष्मा लावलात तर दोन डोळ्यांची दोन चित्रं. अशा माणसाला 'आधी प्रोसेसर बदला' म्हणणं हा उलटा सल्ला झाला.

---

मेनथ्रेड

@एक्सप्लेनकर, ४के आणि व्हीआरचा मुद्दा मान्य. पण धागाकर्त्यांकडे १०८०पी आहे आणि सिम मायक्रोसॉफ्टचं आहे. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला नको का?

---

उड्डाणवेडा

कॉकपिटातली यांनी सांगितलं तसं मोजलं. दोन्ही ठिकाणी मीडियम सेटिंग, १०८०पी, दुपारचं निरभ्र हवामान.

छोटी धावपट्टी, सेसना: मेनथ्रेड २७ मिलिसेकंद, जीपीयू ४६. 'लिमिटेड बाय जीपीयू', आणि आकडा लाल. रेंडर स्केलिंग ५० केल्यावर २१-२२ वरून ३५ च्या पुढे गेलं.

न्यूयॉर्क, ए३२०: मेनथ्रेड ५१, जीपीयू ४९. स्केलिंग ५० केलं, जीपीयू खाली आला, पण एफपीएस १९ च्या आसपासच राहिले.

म्हणजे माझं बहुतेक उडणं जिथे होतं, तिथे अडथळा कार्डाचाच आहे. मी महानगरांत फार जात नाही. डोंगर, किनारे, गवताच्या धावपट्ट्या हेच माझं सिम.

---

मेनथ्रेड

आणि न्यूयॉर्कला १९ आहेत ते नव्या कार्डानेही १९ राहणार, हेही याच आकड्यांत आहे. आज किनारे, उद्या ए३२० चा नाद लागेल. जो सिममध्ये शिरतो तो हळूहळू मोठ्या विमानाकडे वळतोच. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये तर किमान अपेक्षाच आय७-६८००के किंवा रायझन ५ २६००एक्स आहे. तुमचा प्रोसेसर त्या यादीबाहेर गेला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे तुमच्यासारखा चौथ्या पिढीचा इंटेल घेत नाही. ज्या बोर्डाला पुढे रस्ताच नाही त्यावर आणखी पैसे लावू नयेत, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

कॉकपिटातली

आता आकडे समोर आहेत, तर त्यांच्याकडे नीट बघू या. न्यूयॉर्कचे ५१ मिलिसेकंद अटळ नाहीत. त्यातला मोठा वाटा टेरेन लेव्हल ऑफ डिटेलचा, म्हणजे दूरची जमीन किती तपशिलात दाखवायची त्या सेटिंगचा. ती १०० असेल तर ५० वर आणा. ऑब्जेक्ट्सची पातळी उतरवा, विमानतळावरची वाहनं आणि हवाई वाहतूक कमी करा, काचेच्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट मीडियम किंवा लो करा. हे सगळं प्रोसेसरच्या खात्यातलं आहे. ढग, सावल्या, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं), रेंडर स्केलिंग कार्डाच्या खात्यातलं. बरेच जण फ्रेम कमी पडल्या की ढग कमी करतात आणि टेरेनला हात लावत नाहीत, मग 'काहीच फरक पडला नाही' म्हणून वैतागतात.

रॅमच्या दोन पट्ट्या आहेत की एकच, तेही बघा. एकच असेल तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद आहे, आणि सिमला तो जाणवतो.

---

एक्सप्लेनकर

फ्रेम जनरेशनबद्दल कुणीच बोललं नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉटच लागतात, आणि दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः एक बनवतं. तिथे मुख्य थ्रेड अडला असला तरी डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं. फ्लाइट सिममध्ये बंदूक रोखायची नसते, तेव्हा थोडा उशीर चालून जातो.

---

मेनथ्रेड

खालच्या खऱ्या फ्रेम ४० असतील तर चालतं. १९ वर नाही. १९ च्या मध्ये बनवलेल्या फ्रेममध्ये कॉकपिटातले आकडे चालता चालता फाटतात, स्टिक आणि नाक यांच्यातला उशीर हाताला कळतो, आणि थांबलेली फ्रेम तशीच थांबते. ज्याला उतरणं नीट शिकायचंय त्याने त्या आकड्यावर विसंबू नये.

ज्यांच्याकडे एएमडीच्या प्रोसेसरचं जुनं एएम४ बोर्ड आहे त्यांना मात्र मी आनंदाने 'नवं यंत्र नको' सांगेन. बायॉस अपडेट करून रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बसतो का बघा. त्यातली ९६ एमबीची एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) फ्लाइट सिमला इतकी मानवते की तेच कार्ड ठेवून मुख्य थ्रेडचा वेळ उतरतो. चौथ्या पिढीच्या इंटेलला अशी वाट नाही, हेच दुखणं आहे.

---

वॉटमीटर

८ जीबीची कार्डं घेताना एक लक्षात ठेवा. आरएक्स ६६०० पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं. जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० बोर्डावर ते चालून जातं. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचं आणि ४ जीबीचं, ते ३.० वर दमतं, जुन्या बोर्डासाठी घेऊ नका. इंटेलची आर्क कार्डंही नकोत. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, आणि २०१४ च्या बोर्डावर ते नसतं. आरटीएक्स ३०६० घ्यायचंच असेल तर डब्यावर १२ जीबी लिहिलंय ना बघा. त्याचं ८ जीबीचं रूप निघालं आहे, त्याची मेमरी बस १९२ ऐवजी १२८ बिटांची आहे.

---

उड्डाणवेडा

मेनथ्रेड, तुमचा न्यूयॉर्कचा मुद्दा मी नाकारत नाही. टेरेन ५० वर आणून, वाहतूक कमी करून पुन्हा पाहिलं: मेनथ्रेड ५१ चा ३८ झाला. म्हणजे तिथेही २६ एफपीएसची जागा आहे, आणि ४९ मिलिसेकंदांचं जीटीएक्स ९६० तिथपर्यंत पोचू देत नाही. महानगरातही आता अडथळा कार्डाचाच.

रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. पीएसयूवर १५० वॉटची ८ पिनी वायर मूळचीच आहे. आरएक्स ६६०० घेतोय.

---

मेनथ्रेड

२६ एफपीएससाठी टेरेन ५० वर आणलंत, म्हणजे दूरचे डोंगर वितळलेल्या मेणासारखे दिसणार. डोंगर पाहायलाच उडता ना तुम्ही? मला हा सौदा पटलेला नाही.

घेताच आहात तर जुना एनव्हिडिया ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण काढा आणि मग कार्ड बदला. नाहीतर दोन ड्रायव्हरच्या भांडणाला लोक कार्डाचा दोष समजतात. आणि फ्रेम ३० वर बांधून ठेवा.

---

उड्डाणवेडा

टेरेन ५० फक्त न्यूयॉर्कसाठी. डोंगरात मेनथ्रेड २७ आहे, तिथे उलट ते वाढवायला जागा आहे. ड्रायव्हरचं लक्षात ठेवतो. बसवल्यावर याच दोन ठिकाणचे आकडे, याच सेटिंगवर, इथे टाकतो.