दो बिघा जमीन ते सैराट
'आताच्या सिनेमात भावनाच उरली नाही' असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. मला फरक जाणवतो तो पार्श्वसंगीताचा, हल्ली पात्राच्या डोळ्यात पाणी यायच्या आधीच व्हायोलिन सुरू होतात आणि आपल्याला आपलं काही वाटायला जागाच राहत नाही. १९५३ चा 'दो बिघा जमीन' मी वडिलांसोबत टीव्हीवर बघितला होता, शेवटी जमीन गेलेली, तिथं कारखाना उभा राहतोय आणि बलराज साहनी मूठभर माती उचलायला जातो तर रखवालदार तीही टाकायला लावतो. आमची गावाकडची जमीन धरणात गेलीये, वडील काहीच बोलले नाहीत, नुसती पायावरची शाल सारखी करत राहिले, मग उठून अंगणात गेले. जमीन वाचवायला शहरात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या त्या रोलसाठी साहनींनी कलकत्त्यात खरोखर हातरिक्षा ओढून बघितली होती, ते त्यांच्या पळण्यात दिसतं. पण मग २०१६ च्या 'सैराट'चा शेवट आठवा ना, रक्ताने माखलेली ती इवलीशी पावलं आणि आवाज पूर्ण बंद. आमच्याकडे थिएटरात लाइट लागले तरी कुणी उठेना, मघाशी झिंगाटवर नाचलेली पोरं मान खाली घालून बसलेली.